आधी शून्य कुठे ते सांगा

ग्वाल्हेरच्या हरिशंकरपुरममध्ये रोबो करायला बसलेल्या माणसाला पहिला धक्का बसतो तो असा, की समोर काहीच नसतं. पडद्यावर राखाडी पोकळी, तिच्या मधोमध तांबडी, हिरवी आणि निळी अशा तीन रेषा एका बिंदूत येऊन मिळालेल्या, आणि वरच्या पट्टीत चिन्हांची गर्दी. त्यांतलं 'सेव्ह'चं चिन्ह तेवढं ओळखीचं. काका ते दाबतात. काहीही न काढता फाइल साठवली जाते, तिला 'रोबो फायनल' असं नाव मिळतं, आणि चहाची फर्माईश होते.

काका म्हणजे कुणी एक माणूस नव्हे. झाशी रोडकडच्या या वसाहतीत आणि लष्कर भागातल्या जुन्या मराठी घरांतही हा नमुना आढळतो. नोकरी संपलेली, हात शिवशिवणारे, नातू सहावी-सातवीत. पणजोबा शिंदे सरकारच्या कुठल्याशा कचेरीत होते, ही माहिती ओळख झाल्यावर पाचव्या मिनिटाला मिळते. घरातला पंखा, इस्त्री आणि शेजाऱ्यांची पाण्याची मोटर उघडून पुन्हा जोडण्याचा दांडगा अनुभव गाठीशी. जोडल्यावर एखादा स्क्रू उरतो, पण तो जपून ठेवलेला असतो.

या काकांनी मे महिन्यात ठरवलं, की यंदाच्या गणपतीत आरतीला टाळ वाजवणारा रोबो करायचा. नातवाची मूळ मागणी रोबोने आरतीच ओवाळावी अशी होती. ती काकूंनी फेटाळली. घरगुती थ्रीडी प्रिंटरवर सर्रास वापरलं जाणारं पीएलए नावाचं प्लास्टिक ६० अंश सेल्सियसच्या आसपास मऊ पडू लागतं, आणि निरांजनासमोर त्याचा हात टिकणं कठीण. काकूंना हा आकडा ठाऊक नव्हता. त्यांनी नुसतं 'नाही' म्हटलं होतं; शास्त्र मागाहून त्यांच्या बाजूने उभं राहिलं.

रोबोला देवधर्माला लावणं हा काही ग्वाल्हेरचा शोध नाही. २००८ साली पुण्यात भरलेल्या आशिया-पॅसिफिक रोबोकॉन स्पर्धेचा विषयच मुळी गोविंदाचा होता. देशोदेशीच्या इंजिनिअरिंग कॉलेजांच्या यंत्रांनी उंचावरचं लोणी काढायचं होतं. स्पर्धा चीनच्या संघाने जिंकली. म्हणजे यजमान आपण, कृष्ण आपला, लोणी त्यांचं.

काकांच्या बाबतीत प्रिंटर आधी आला, अक्कल मागून येणार होती. बंगळुरूच्या मुलाने वाढदिवसाला तो धाडला. २२० बाय २२० मिलिमीटरचा तवा आणि २५० मिलिमीटर उंची, या मापात मावेल ते छापून देणारा. पहिली वस्तू जगभर सगळे छापतात तीच छापली गेली, म्हणजे 'बेंची' नावाची इवलीशी बोट. २०१५ साली स्वीडनमधल्या एका कंपनीने प्रिंटरची परीक्षा घेण्यासाठी ती तयार केली. तिची कमान, तिरका पुढचा भाग आणि खिडक्या नीट आल्या तर प्रिंटर पास. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत असलेल्या ग्वाल्हेरात आज टीव्हीच्या टेबलांवर किती बोटी नांगरून पडल्या असतील, याचा अंदाज बंदर खात्यालाही येणार नाही.

बोटीनंतर दुसऱ्या कुणीतरी काढून ठेवलेला रोबोचा तयार हात उतरवून छापला. तो सुंदर आला. त्यात बसवायची मोटर मात्र बसेना. हात काढणाऱ्याच्या टेबलावरची मोटर वेगळी, काकांच्या टेबलावरची वेगळी. मग कळलं, की आपल्या मोटरचा हात आपणच काढायला हवा. पोकळीसमोर बसण्याचा योग इथून आला.

खरं तर ग्वाल्हेरला या छंदाची परंपरा आहे, फक्त ती जरा वरच्या थरातली. जयविलास महालाच्या मेजवानीच्या टेबलावर रूळ टाकलेले आहेत आणि त्यांवरून चांदीची छोटी आगगाडी धावत असे. सात डबे, प्रत्येकावर एकेक रोमन अक्षर, मिळून 'सिंधिया' हे नाव. जेवणानंतर मद्य आणि सिगार पाहुण्यांपुढून फिरवणं हे तिचं काम असे. एखाद्याने सुरई उचलली की गाडी थांबे. सुरई परत ठेवली की पुढे निघे. वजन ओळखायचं, त्यावरून थांबायचं की चालायचं हे ठरवायचं आणि मालकाचा हात न लागता सेवा द्यायची, म्हणजे रोबोची बहुतेक लक्षणं तिच्यात शंभरेक वर्षांपूर्वीच जमली होती. त्या काळचे महाराज माधवराव शिंदे यांना आगगाड्यांचं वेड होतं. 'फ्रीडम ॲट मिडनाइट' या पुस्तकात एका व्हाइसरॉयच्या मेजवानीचा किस्सा आहे. नियंत्रणाच्या फळीत शॉर्ट सर्किट झालं, गाड्या सुसाट सुटल्या आणि पाहुण्यांच्या अंगावर रस्सा, मांस आणि मटारचं वाटण उडवत गेल्या. रोबोचं पहिलं प्रात्यक्षिक नेहमी महत्त्वाच्या पाहुण्यांसमोरच फसतं, हा नियमही त्या अर्थी ग्वाल्हेरचाच.

महाराजांची एक सोय मात्र काकांना नाही. महाराजांनी हुकूम सोडला आणि मापं, आकडेमोड, घडण सगळं कारागिरांनी पाहिलं. काकांना हुकूम सोडायचा तर तो सॉफ्टवेअरला सोडायचा, आणि सॉफ्टवेअर उलट प्रश्न विचारतं.

त्याआधी कुठलं सॉफ्टवेअर, हा घरगुती वाद. यात पुण्याचा भाचा फोनवरून उतरला.

"मामा, ब्लेंडर कशाला टाकलंत? ते सिनेमावाल्यांचं."

"फुकट आहे म्हणून टाकलं."

"फ्रीकॅड पण फुकटच आहे."

"त्याचा पडदा उदास वाटला रे."

भाच्याचं म्हणणं निम्मं खरं. ब्लेंडर २००२ साली लोकवर्गणीतून मोकळं झालं. ते चालवणारी कंपनी बुडाली तेव्हा त्याचा निर्माता टोन रोसेंडाल याने जगाकडे १ लाख युरो मागितले आणि सात आठवड्यांत ते जमले. 'फ्लो' हा मांजराचा चित्रपट त्यातच तयार झाला आणि २०२५ साली ऑस्कर घेऊन गेला. मांजराच्या अंगाला हात लावून ते थोडं फुगवावं, शेपूट थोडी ओढावी, अशा कामाला ब्लेंडरसारखं दुसरं नाही. मात्र भोक बरोबर ३.२ मिलिमीटरचं हवं आणि उद्या तेच ३.४ करता यायला हवं, अशा कामाला ते कंटाळतं. निम्मं खोटं यासाठी, की गाएल लांजव्हॅन या फ्रेंच शिल्पकाराने 'इनमूव्ह' हा माणसाएवढा रोबो ब्लेंडरमध्येच काढला. २०१२ मध्ये त्याने एका हातापासून सुरुवात केली आणि प्रत्येक सुटा भाग १२ सेंटिमीटरच्या घनात मावेल असा बेतला, म्हणजे कुणाच्याही घरच्या प्रिंटरवर तो निघावा. पण तो शिल्पकार होता. काकांचा शिल्पकलेशी संबंध शाडूचा गणपती रंगवण्यापुरता, आणि त्यातही डोळे काकूच रंगवत.

टिंकरकॅड हा दुसरा पर्याय. ब्राउझरमध्ये उघडतं, ठोकळे ओढून आणायचे, जिथे भोक हवं तिथे 'भोक' जातीचा ठोकळा खुपसायचा, दोन्ही एकत्र केले की झालं. नातू ते शाळेच्या अटल टिंकरिंग लॅबमध्ये शिकला होता. २०१६ पासून केंद्र सरकार या योजनेत शाळांना २० लाखांपर्यंत मदत देतं आणि त्यातून प्रिंटर, सेन्सर, मोटरी शाळेत येतात. नातवाने अर्ध्या तासात रोबोचं डोकं काढलं, त्याला मुंडासं घातलं आणि तो खेळायला पळाला. आपल्या नातवाला आलेलं सॉफ्टवेअर आपल्या प्रतिष्ठेला कमी पडतं, असं काकांचं मत झालं. हे मत अत्यंत चुकीचं असून हरिशंकरपुरमातले निदान निम्मे रोबो त्यापायीच अडले असावेत, असं या लेखकाला वाटतं.

शेवटी फ्रीकॅड ठरलं. २००२ मध्ये पहिली आवृत्ती आली आणि १.० हा आकडा लावायला कर्त्यांनी २०२४ चा नोव्हेंबर उजाडू दिला. बावीस वर्षं ते स्वतःला अपुरंच म्हणवत होतं. एवढा संकोच करणाऱ्या माणसावर विश्वास टाकायला काकांना आवडतं.

आणि मग तो प्रश्न आला.

पहिला आयत काढला की सॉफ्टवेअर कोपऱ्यात कळवतं, की या आकृतीत अजून चार गोष्टी मोकळ्या आहेत. लांबी, रुंदी, आडवं ठिकाण, उभं ठिकाण. तुम्हाला आयत दिसत असेल, पण सॉफ्टवेअरच्या दृष्टीने तो अजून वाऱ्यावर आहे; बोट लागलं की पसरेल, नाहीतर सरकेल. लांबी-रुंदी लिहिली की दोन गोष्टी उरतात. त्या तेव्हाच मिटतात, जेव्हा आयताचा एखादा कोपरा त्या तीन रेषांच्या भेटीच्या बिंदूशी, म्हणजे शून्याशी, बांधला जातो किंवा त्यापासून किती दूर ते सांगितलं जातं. मग सगळ्या रेषा हिरव्या होतात. हा हिरवा रंग पाहिल्यावर होणारा आनंद वीज मंडळाच्या दुरुस्त झालेल्या बिलापेक्षा जास्त असतो, हे कितीही जणांना विचारून घ्यावं.

काकांची अडचण अशी, की शून्य कुठे धरायचं हे त्यांना आयुष्यात कुणी विचारलं नव्हतं. शेल्फ ठोकायचं तर भिंतीपासून वीतभर. झोपाळ्याची कडी 'साधारण मध्ये'. आता हात काढताना शून्य खांद्यात धरायचं, मोटरच्या दांड्यात, की टाळाच्या भोकात? कुठेही धरलं तरी चालतं, फक्त एकदा धरल्यावर सगळी मापं तिथून. मोटरचा दांडा ज्या रेषेभोवती फिरतो तिथे शून्य धरलेलं बरं, कारण सगळा खेळ त्या फिरण्याचा. पण हे शहाणपण तिसऱ्यांदा सगळं पुसल्यावर येतं.

ग्वाल्हेरकराला शून्य सापडू नये, ही मात्र गंमत आहे. किल्ल्याच्या चढावर, एकाच खडकात कोरलेलं चतुर्भुज मंदिर आहे. त्यातला लेख इसवी सन ८७६ चा. अंकांत लिहिलेल्या शून्याच्या जगातल्या जुन्या नमुन्यांत तो गणला जातो. देवाला रोज फुलांच्या ५० माळा मिळाव्यात म्हणून बाग दिली, ती २७० हात लांब आणि १८७ हात रुंद, असा त्यात तपशील आहे. २७० मधलं शून्य आणि ५० मधलं शून्य पाहायला गणितज्ञ परदेशातून येतात. काकाही गेले होते, लहानपणी, शाळेच्या सहलीत. त्या वेळी त्यांनी डबा खाल्ला. आता पाहिलं तर तो लेख म्हणजे फ्रीकॅडमधल्या पहिल्या धड्याचा गृहपाठ: लांबी दिली, रुंदी दिली, आयत झाला. उंची नाही, कारण बाग आहे, ठोकळा नव्हे.

रेषांना अटी घालण्याचा हा प्रकार सॉफ्टवेअरवाल्यांनी काल-परवा काढलेला नाही. १९६३ साली अमेरिकेतल्या एमआयटीत आयव्हन सदरलँड या विद्यार्थ्याने पीएच.डी.साठी 'स्केचपॅड' केलं. खोलीभर पसरलेला टीएक्स-२ संगणक, हातात प्रकाशाचं पेन, पडद्यावर वाकडीतिकडी रेष. 'या दोन समांतर', 'ही उभी', असं सांगितलं की यंत्र रेषा सरळ करून देई. म्हणजे माणसाने अंदाजे काढायचं आणि यंत्राने अटी पाळायच्या, हा करार साठ वर्षांहून जुना आहे. काकांनी त्यातला अंदाजे काढण्याचा भाग तंतोतंत पाळला.

अटी घालून काढलेल्या चित्राचा फायदा ग्वाल्हेरात समजावणं सोपं जातं. माधवरावांच्या काळात घातलेली ग्वाल्हेर ते श्योपुर ही छोटी रेल्वे दोन फुटी रुळांची होती, म्हणजे ६१० मिलिमीटर. सुमारे २०० किलोमीटरचा प्रवास, छपरावर माणसं, आणि सायकलवाला गाडीच्या पुढे जाऊ शकेल असा वेग. २०२० साली ती बंद झाली, कारण हा मार्ग ब्रॉडगेज करायचा, म्हणजे १६७६ मिलिमीटरचा. आता कल्पना करा, की हा मार्ग कुणी फ्रीकॅडमध्ये नीट अटी घालून काढला आहे. डब्याची रुंदी रुळांवर अवलंबून, पुलाची डब्यावर, फलाटाची पुलावर. तक्त्यात ६१० खोडून १६७६ लिहायचं, एंटर दाबायचं, आणि श्योपुरपर्यंत सगळं रुंद. जमीन ताब्यात घेणं, निविदा, पावसाळा यांची चिन्हं वरच्या पट्टीत नाहीत. काकांना हे पटलं. त्यांनी मोटरच्या खोबणीची लांबी तक्त्यात घातली, भिंतीची जाडी तक्त्यात घातली, आणि आपण रेल्वे मंत्रालयाच्या पुढे गेल्याचं समाधान दोन दिवस उपभोगलं.

तिसऱ्या दिवशी त्यांनी मागे जाऊन पहिल्या आकृतीत एक छोटी खाच वाढवली आणि नंतरची सगळी कामं तांबडी झाली. गोल केलेल्या कडा भलत्या कडांवर गेल्या, टाळाचं भोक कोपरात निघालं. याचं कारण फ्रीकॅडच्या वाटेत वर्षानुवर्षं रुतून बसलं होतं. वस्तूच्या प्रत्येक बाजूला सॉफ्टवेअर एक क्रमांक देतं. 'सहाव्या बाजूवर भोक पाड' असं तुम्ही सांगून ठेवलेलं असतं. मागे काहीतरी बदललं की क्रमांक पुन्हा मोजले जातात आणि कालची सहावी बाजू आज सातवी होते. वाड्याच्या तोंडाशी एक खोली वाढवली, खोल्यांचे नंबर नव्याने टाकले, आणि पोस्टमन मात्र जुन्याच नंबरावर पत्रं टाकतोय, असा हा घोळ. १.० मध्ये तो पुष्कळ आवरला गेला. पण भाच्याच्या एका मित्राने प्रेमाने पेनड्राइव्हवर दिलेली आवृत्ती जुनी होती, आणि पेनड्राइव्हवर मिळालेलं बदलायचं नाही हा काकांच्या पिढीचा शिष्टाचार.

मापाचं प्रकरण याहून रंगलं. टाळ हलवायला दोन छोट्या सर्वो मोटरी आणल्या होत्या, एसजी-९० जातीच्या. निळ्या रंगाच्या, नऊ ग्रॅम वजनाच्या, शाळकरी रोबोंच्या हातापायांत जगभर सापडणाऱ्या. अंगाची लांबी किती? एका तक्त्यात २२.२ मिलिमीटर, दुसऱ्यात २२.८, तिसऱ्यात २३. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, "अंकल, सब कॉपी है. जो हाथ में है उसी को नाप लो." यंत्रशास्त्राचा इतका नेमका धडा कुठल्याही पुस्तकात नसेल. काकांनी फूटपट्टी लावली आणि 'सव्वादोन सेंटिमीटर आणि वर थोडं' असं माप सांगितलं. हे 'वर थोडं' तक्त्यात कुठे लिहायचं, यावर नातू बराच वेळ हसत होता.

डिजिटल व्हर्नियर कॅलिपर घेतल्याशिवाय या छंदात कुणीही संगणकाला हात लावू नये, असं खुशाल म्हणता येईल. प्रिंटरपेक्षा त्याची गरज आधी. कॅलिपर आला, मोटर २२.७ भरली, काकांनी २२.७ चीच खोबण काढली आणि छापली. मोटर गेली नाही. प्रिंटरच्या नाकातून वितळून पडलेलं प्लास्टिक किंचित पसरतं, भोकं काढल्यापेक्षा लहान निघतात. ३ मिलिमीटरच्या स्क्रूला ३.२ किंवा ३.४ चं भोक ठेवावं लागतं, आणि खोबणीला प्रत्येक बाजूने ०.२ ते ०.३ ची मोकळीक. हे न कळल्यामुळे काकांनी मोटर पकडीने दाबली. भाग थरांच्या रेषेवर सरळ उकलला. छापलेली वस्तू ०.२ मिलिमीटरच्या थरांनी चढत जाते. थराच्या दिशेने ती बळकट, दोन थरांच्या सांध्यात कच्ची. म्हणून हात उभा छापायचा की आडवा, हे काढतानाच ठरवायचं असतं. काकांनी उभा छापला होता, कारण हात उभाच असतो.

गणितही करावं लागलं. मोटरची ताकद कागदोपत्री १.८ किलो-सेंटिमीटर. ८ सेंटिमीटर लांबीच्या हाताच्या टोकाला १०० ग्रॅमचा टाळ धरला तर ०.८ लागतात. हिशोब बसला, पण काकांच्या घरचा टाळ वडिलांच्या भजनी मंडळातला, अस्सल काशाचा, आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर २१० ग्रॅम भरला. १.६८. मोटरने तो एकदा उचलला, थरथरली, आणि आतल्या प्लास्टिकच्या दात्यांनी राजीनामा दिला. मग महाराज बाड्याच्या बाजारातून लहान मुलांचा टाळजोड आला. भजनी मंडळाचा टाळ कपाटात परत गेला, आणि काकूंनी कपाटाला कुलूप लावलं.

आता फाइल प्रिंटरकडे न्यायची. ती एसटीएल नावाच्या प्रकारात न्यावी लागते. १९८७ च्या सुमारास थ्रीडी सिस्टिम्स या कंपनीने तो आणला. १९८३ साली पहिल्यांदा थराथराने वस्तू घडवणारे चक हल यांची ही कंपनी. एसटीएलमध्ये फक्त त्रिकोण असतात. गोल असेल तर तोही पुष्कळशा त्रिकोणांचा. आणि त्यात माप असतं, पण मापाचं एकक नसतं. २२.७ असं लिहिलेलं असतं, काय २२.७, ते नाही. मिलिमीटर की इंच, हे वाचणाऱ्याने समजून घ्यायचं. शेजारच्या घरी राहणारे गुप्ताजीही त्याच सुमारास छंदाला लागले होते. त्यांनी इंचात काढलेलं चाक काकांच्या प्रिंटरवर मिलिमीटरात वाचलं गेलं. २५.४ पटींचा फरक. खेळण्यातल्या ट्रॅक्टरला शोभेल म्हणून काढलेलं चाक मोहरीएवढं निघालं. ते कुठे पडलं ते अजून सापडलेलं नाही. रोज झाडताना काकू शोधतात, कारण नातू ते नाकात घालेल ही भीती.

घरातला प्रिंटर ही फार काळ खाजगी गोष्ट राहत नाही. आठवड्याभरात मागण्यांची यादी लागते. पडद्याच्या सळईची कडी तुटली आहे. कूलरच्या झडपेचा खटका गेला आहे. देव्हाऱ्याच्या दाराला मूठ हवी. काकांनी या सगळ्यांना 'ते नंतर' असं उत्तर दिलं, कारण ते रोबो करत होते आणि पडद्याची कडी हे त्यांच्या योग्यतेचं काम नव्हतं. इथे त्यांच्या विरोधात मत नोंदवणं भाग आहे. पडद्याच्या कडीत एक आयत, एक भोक, एक वाक आणि एकच माप चुकण्याची शक्यता असते. रोबोच्या हातात सगळं तेच, फक्त वीस वेळा आणि हलणारं. मुंबई आयआयटीच्या टेकफेस्टमध्ये झळकलेला 'मानव' हा दोन फुटी छापील रोबो घ्या. त्याचंही अंग असल्याच आयतांचं, भोकांचं आणि मोकळिकींचं असणार. आणि प्लास्टिक वितळवून थर चढवायची ही पद्धत शोधणाऱ्या स्कॉट क्रम्प यांनी सुरुवात मुलीसाठी खेळण्यातला बेडूक करून केली, तीही गरम गोंदाच्या पिस्तुलाने.

उन्हाळा सरता सरता एक नमुना तयार झाला आणि काकांनी तो शहरात पलीकडे राहणाऱ्या मेहुण्यांना दाखवायला नेला. ग्वाल्हेरात जूनमध्ये पारा ४५ च्या पुढे जातो, आणि बंद काचांची उभी गाडी आतून त्याहून कितीतरी जास्त तापते. जेवण करून परत येईतो हाताने डॅशबोर्डवर नमस्कार घातला होता. मेहुण्यांनी दाद दिली. त्यांना वाटलं, तो तसाच काढलेला आहे.

गणपतीच्या आदल्या दिवशी दोन्ही हात तयार होते. काकांनी एक हात उत्तम काढला होता, हिरव्या रेषांचा, पूर्ण अटींचा, आणि वेळ वाचवायला तोच दोनदा छापला होता. मोटरी बसल्या. टाळ बसले. नातवाने बटण दाबलं. डाव्या हाताने टाळ आत आणला, उजव्या हाताने बाहेर नेला. दुसऱ्यांदा दाबलं, टाळांच्या पाठी एकमेकींवर आपटल्या आणि 'ठक' असा आवाज आला.

"हात उलटा लावा ना," काकू म्हणाल्या.

उलटा लावता येत नव्हता. मोटरचं पातं बसायची खाच एकाच अंगाला होती. हात उलटा केला की खाच वर येत होती.

"आजोबा, दोन्ही डावेच आहेत," नातू म्हणाला.

"चालतं रे. यंत्राला काय उजवं-डावं."

"अहो, चालतं काय? उद्या तीर्थ-प्रसाद कुठल्या हाताने घेणार तो?" काकूंनी विचारलं.

यावर काकांकडे उत्तर नव्हतं. आरशातल्यासारखी प्रत काढून देणारं चिन्ह फ्रीकॅडच्या वरच्या पट्टीत पहिल्या दिवसापासून होतं. नातवाने ते दोन क्लिकमध्ये दाबलं, शून्यातल्या उभ्या पातळीपलीकडे उजवा हात उगवला, आणि फाइल 'रोबो फायनल ११' या नावाने प्रिंटरकडे गेली. पडद्यावर वेळ आली, दोन तास चाळीस मिनिटं. काकूंनी घड्याळाकडे पाहिलं, मोदकांची उकड काढायला घेतली आणि सांगितलं, की तोवर वीज गेली तर इन्व्हर्टर आधी फ्रिजला, मग रोबोला.